मोठा एन, लहान एन: यंत्रांच्या नावांची गोष्ट

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आधीच एक अडचण सांगून टाकतो. आजचा विषय आहे इंग्रजीतली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं, आणि ती कंप्युटरच्या नावात आली की काय गोंधळ होतो तो. आता गंमत बघा. पॉडकास्टमध्ये मी 'नोड' म्हटलं, तर त्यातला एन कॅपिटल होता की स्मॉल हे तुम्हाला ऐकू येणार नाही. आणि हे लिखित रूप देवनागरीत आहे, तिथे मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही. म्हणजे ऐकूनही कळणार नाही आणि वाचूनही नाही! त्यामुळे मी दर वेळी 'मोठा एन', 'लहान एन' असं सांगत जाईन. पण ही अडचण डोक्यात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते. तोंडाने उच्चारलेल्या नावाला कॅपिटल-स्मॉल नसतं. लिहिलेल्या नावाला असतं.

रात्री दोन वाजता

२०१९. पुण्यात माझी पहिली नोकरी, जेमतेम सहा महिने झालेले. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आमच्याकडे हडूपचा एक क्लस्टर होता आणि त्यात चार नवी मशीन जोडायची होती. काम माझ्याकडे आलं. मी खूश! पहिल्यांदाच प्रॉडक्शनला हात लावायला मिळत होता.

रॅकमधल्या मशीनवर स्टिकर होते. स्टिकरवर नाव होतं तेच मी होस्टनेम म्हणून दिलं, अगदी जसंच्या तसं. सुरुवातीला मोठा एन, पुढची अक्षरं लहान, मग आकडा. जुन्या मशीनची नावं सगळी लहान अक्षरांत होती, पण ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं असतं तरी 'त्याने काय फरक पडतो' असंच म्हणालो असतो.

पिंग केलं, उत्तर आलं. एसएसएच केलं, आत गेलो. डीएनएस तपासलं, बरोबर. सगळं हिरवंगार. आणि डेटानोडची सर्व्हिस मात्र सुरू होईना. लॉगमध्ये एरर काय, तर 'युजरकडून पासवर्ड मिळवता आला नाही' अशा अर्थाचं काहीतरी. अहो, कुठला युजर? कुठला पासवर्ड? इथे रात्री दोन वाजता माझ्याशिवाय कोणी जागंही नव्हतं.

त्या क्लस्टरवर कर्बेरॉस होतं. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला ओळखपत्र लागतं, आणि त्या ओळखपत्राची किल्ली कीटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. मी ती कीटॅब पुन्हा बनवली. मग परत एकदा बनवली. पहाटे पाचपर्यंत तेच. दोन्ही वेळा बनवली अर्थातच मोठ्या एनने, कारण स्क्रिप्ट मशीनला नाव विचारत होती आणि मशीन ते इमानदारीत सांगत होतं.

सकाळी आमचे एक सीनियर आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी कीटॅबमधली नावं स्क्रीनवर काढली, चहाचा एक घोट घेतला आणि एका अक्षरावर बोट ठेवलं. "हा एन मोठा का आहे रे?"

पाच मिनिटांत काम झालं. दुपारी रिपोर्ट लिहिला गेला. त्यात कारण होतं: मानवी चूक, टायपिंग. खाली माझं नाव. मीही मान्य केलं. तेव्हा मला ती चूक माझीच वाटली होती.

आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल. चांगलं पन्नास-साठ वर्षं.

पेटीतून तारेवर

इंग्रजीत ज्याला 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात, त्यातलं 'केस' म्हणजे छापखान्यातली लाकडी पेटी. (मराठीत केस डोक्यावर तरी असतात नाहीतर कोर्टात तरी!) धातूचे खिळे जुळवणारा कंपोझिटर उभा राहायचा, समोर एकावर एक दोन पेट्या. वरच्या पेटीत कॅपिटल, खालच्या पेटीत स्मॉल. तेच नाव अक्षरांना चिकटलं. आपल्याकडेही खिळ्यांच्या पेट्या होत्या, आणि जोडाक्षरांमुळे खण कितीतरी जास्त होते. पण मोठा 'क' आणि लहान 'क' अशी भानगड आपल्या लिपीत नव्हती.

छपाईत या भेदाला अर्थ होता. वाक्याची सुरुवात कुठे, विशेषनाम कोणतं, हे त्यातून कळायचं. पण अक्षरं जेव्हा तारेवरून जाऊ लागली, तेव्हा हा भेद महाग पडायला लागला. जुन्या टेलिप्रिंटरचा कोड पाच बिटांचा. पाच बिटांत चिन्हं होतात ३२. त्यात सव्वीस अक्षरं बसवायची, आकडे बसवायचे, वर विरामचिन्हं. अक्षरं आणि आकडे यांतच अदलाबदल करावी लागायची. तिथे दोन-दोन प्रकारची अक्षरं कोण ठेवणार? एकच संच ठेवला.

१९६३ मध्ये आस्की हा सात बिटांचा कोड आला, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीतसुद्धा लहान अक्षरं नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. त्याच सुमाराचं टेलिटाइप ३३ हे प्रसिद्ध यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, आणि सगळी कॅपिटल. पुढे कित्येक वर्षं लोक कंप्युटरशी याच यंत्रावरून बोलत होते.

आस्कीत लहान अक्षरं बसवताना मात्र एक फार सुंदर गोष्ट केली गेली. मोठ्या ए चा आकडा ६५ आणि लहान ए चा ९७. फरक ३२. बी घ्या, सी घ्या, थेट झेडपर्यंत जा, फरक ३२ च. बायनरीत ३२ म्हणजे एकच बिट. तो बिट शून्य असेल तर अक्षर मोठं, एक असेल तर लहान. दोन अक्षरांची तुलना करताना मोठं-लहान दुर्लक्षित करायचं असेल, तर तेवढा एक बिट झाकायचा. बस्स. हा बिट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

फोनवरून नाव सांगायचं तर

ऑक्टोबर १९६९ मध्ये अर्पानेटचा पहिला संदेश गेला. मशीन मोजकी होती, तोवर आकड्यांवर भागत होतं. पण माणसाला नाव लागतं. प्रत्येक संस्थेने आपापल्या मशीनवर इतर मशीनच्या नावांची आपापली यादी ठेवली. एकच मशीन, इथे एका नावाने, तिथे दुसऱ्या. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ लिहिलं आणि सुचवलं की सगळ्यांनी एकच नावं वापरूया. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये तेच दुखणं पुन्हा मांडलं: प्रत्येक जण वेगळी यादी का सांभाळतोय? एकाच ठिकाणी ठेवा, बाकीचे तिथून घेतील.

महिन्याभरात, जानेवारी १९७४ मध्ये, उत्तर आलं. आरएफसी ६०८. यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर ठेवणार. आणि नावाचे नियमही ठरले. नाव ४८ अक्षरांपर्यंत. अक्षरं, आकडे आणि वजाबाकीचं चिन्ह चालेल. सुरुवात अक्षराने. आणि आपल्या कामाचा नियम: मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांत फरक करायचा नाही.

हा नियम तेव्हा दुसरा काही असूच शकला नसता. अर्पानेटवरची यंत्रं एका जातीची नव्हती. पीडीपी-१० वरच्या टॉप्स-१० मध्ये फाइलचं नाव सिक्सबिट नावाच्या सहा बिटांच्या कोडमध्ये राहायचं, म्हणजे लहान अक्षर साठवायला जागाच नाही. अनेक टर्मिनलवर लहान अक्षराची कळच नाही. अशा वेळी कोणी लहान अक्षरांत नाव ठेवलं आणि 'माझं नाव असंच लिहा' म्हणालं, तर अर्ध्या नेटवर्कला ते टाइपच करता आलं नसतं.

आणि दुसरं कारण माणसांचं. हे सेंटर चालवायच्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना जेक म्हणत. १९७२ पासून १९८९ पर्यंत त्यांनी हे काम पाहिलं. सुरुवातीच्या काळात नवं मशीन जोडायचं तर ऑफिसच्या वेळेत त्यांच्या सेंटरला फोन करायचा, नाव सांगायचं, मग ते होस्ट्स टेक्स्ट नावाच्या फाइलमध्ये चढायचं. आता विचार करा. फोनवर नाव सांगताना कॅपिटल-स्मॉल कुठे ऐकू येतं? जे नाव कानाला सारखं, ते नाव एकच. मला तरी हा नियम तोंडी व्यवहाराला साजेसाच वाटतो.

पुढे ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५२ मध्ये लांबी २४ अक्षरांवर आली, पण मोठ्या-लहानाचा नियम तोच राहिला. यादी मात्र फुगत चालली होती, आणि प्रत्येक मशीनने ती पुन्हापुन्हा उतरवून घेणं अशक्य व्हायला लागलं होतं. त्यावर नोव्हेंबर १९८३ मध्येच पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला होता, आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि १०३५ या जोडीने तो पक्का झाला.

डीएनएसमध्ये या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत दिलंय, आणि लोक त्यातला पहिलाच भाग लक्षात ठेवतात. पहिला: तुलना करताना मोठं आणि लहान सारखंच धरा. दुसरा: पण नाव जसं आलं तसंच जपून ठेवा, स्वतःच्या मनाने बदलू नका. का? तर पुढेमागे कधी नव्या सेवांसाठी पूर्ण बायनरी नावं आणावी लागली, तर दार उघडं असावं. म्हणजे 'फरक करू नका, पण फरक पुसूही नका'. आपल्याकडच्या एखाद्या समजूतदार आजीने काढावा तसा तोडगा!

युनिक्सचं घर वेगळं

आता दुसऱ्या घरात जाऊ. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतलं. तोवर लहान अक्षरं छापणारी टर्मिनल यायला लागली होती, आणि या मंडळींनी ठरवलं की अक्षर म्हणजे बाइट. बाइट वेगळा तर अक्षर वेगळं. फाइलचं नाव मोठ्या आरने सुरू होत असेल तर ती एक फाइल, लहान आरने तर दुसरी. सोपं, स्वच्छ, जलद. आणि कमांड सगळ्या लहान अक्षरांत.

जुनी कॅपिटलवाली टर्मिनल वापरणाऱ्यांची सोयही त्यांनी केली होती. तुम्ही लॉगिनला स्वतःचं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलंत, तर युनिक्स समजायचं की बिचाऱ्याकडे लहान अक्षरंच नाहीत. मग ते तुमची सगळी अक्षरं लहान करून घ्यायचं, आणि खरंच मोठं अक्षर हवं असेल तर आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागायची.

१९८३ मध्ये बर्कलीहून ४.२बीएसडी आलं. त्यात टीसीपी/आयपी होतं आणि मशीनला स्वतःचं नाव सांगायची आणि विचारायची सोय होती. हेच आजचं होस्टनेम. म्हणजे डीएनएसचा पहिला आराखडा आणि हे, एकाच वर्षी. पण कर्नलच्या दृष्टीने होस्टनेम म्हणजे काय? बाइटची एक ओळ. तुम्ही जे द्याल ते ठेवणार, विचाराल तेव्हा तेच परत देणार. मोठा एन दिलात तर मोठा एन.

इथे खरी मेख आहे, मंडळी. नेटवर्कच्या घरात नाव म्हणजे कानाला ऐकू येतं ते. युनिक्सच्या घरात नाव म्हणजे बाइट. आणि होस्टनेम ही एकच गोष्ट अशी, जी दोन्ही घरांत राहते. डीएनएसला विचारलंत तर दोन्ही नावं एकच. सी भाषेत दोन स्ट्रिंगची साधी तुलना केलीत तर दोन्ही वेगळी. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

एक मशीन ते हजार मशीन

एकच मशीन असतं तेव्हा हे चालून जायचं. ऐंशीच्या दशकात लोक मशीनना पाळीव प्राण्यासारखी नावं द्यायचे. देवांची, ग्रहांची, दारूच्या ब्रँडची. ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ लिहिलं, विषय: कंप्युटरचं नाव कसं ठेवावं. हलकंफुलकं आहे, जरूर वाचा. त्यात त्यांनी सांगितलंय की नावातलं मोठं-लहान टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका, बरंच सॉफ्टवेअर तुमच्यावर उपकार केल्यासारखं दोन्ही सारखंच धरतं. प्रथा सगळी लहान अक्षरं वापरायची आहे, आणि शिफ्टची कळ दाबायचे कष्टही वाचतात!

म्हणजे १९९० पर्यंत हे शहाणपण कागदावर आलं होतं. पण प्रथा म्हणून, नियम म्हणून नाही.

मग क्लस्टर आले. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे ४८६ कंप्युटर इथरनेटने जोडले आणि त्याला बेवुल्फ नाव दिलं. महागड्या सुपरकंप्युटरऐवजी साध्या मशीनची फौज. फौजेत पाळीव नावं चालत नाहीत, तिथे नाव अधिक क्रमांक लागतो. आणि मुख्य म्हणजे, आता नाव माणूस टाइप करत नाही, प्रोग्राम टाइप करतो.

तुमच्या एखाद्या क्लस्टरमध्ये एका नोडचं नाव किती ठिकाणी लिहिलेलं असतं, मोजून बघा. मशीनच्या स्वतःच्या होस्टनेममध्ये. डीएनएसमध्ये. हार्डवेअरच्या यादीत. शेड्युलरच्या कॉन्फिगमध्ये. टीएलएस सर्टिफिकेटमध्ये. कर्बेरॉसच्या कीटॅबमध्ये. मॉनिटरिंगमध्ये, बॅकअपच्या यादीत, आणि कोणीतरी कधीकाळी लिहिलेल्या शेलस्क्रिप्टमध्ये. यातले काही जण नाव कानाने ऐकतात, काही डोळ्यांनी वाचतात. प्रोमीथियससारख्या मॉनिटरिंगमध्ये लेबलची तुलना बाइटने होते, त्यामुळे एकच मशीन दोन वेगवेगळी मशीन म्हणून दिसू शकतं. ग्राफवर एक मेलेलं, एक जिवंत!

त्यात विंडोजकडून येणाऱ्यांची सवय वेगळी. तिथल्या जुन्या नेटबायॉसमध्ये नाव १५ अक्षरांचं आणि सगळं कॅपिटलमध्ये. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मोठं-लहान सारखंच मानते, त्यामुळे त्या बाजूला कोणाला त्रासच होत नाही. तीच कॅपिटल नावं लिनक्सच्या क्लस्टरमध्ये आली की मग नाटक सुरू.

आता माझी रात्र समजून घ्या. कर्बेरॉस एमआयटीच्या अथेना प्रकल्पात जन्मलं, युनिक्सच्या वातावरणात. त्यात ओळखीच्या नावांची तुलना बाइटने होते. पण सर्व्हिसच्या ओळखीत मशीनचं नाव येतं, आणि ते तर डीएनएसच्या घरचं. हा सांधा त्यांना दिसला होता. २००५ च्या आरएफसी ४१२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की मशीनचं नाव मोठं-लहान न मानणाऱ्या व्यवस्थेतून येत असेल, तर ते लहान अक्षरांतच लिहा. हडूपने हे पाळलं. कॉन्फिगमध्ये होस्टच्या जागी एक खूण ठेवायची आणि हडूप तिथे मशीनचं नाव घालतं, लहान अक्षरं करून. आमच्या स्क्रिप्टने मात्र पाळलं नव्हतं. तिने मशीनचं नाव विचारलं, मोठा एन मिळाला, तो तसाच कीटॅबमध्ये गेला. हडूप लहान एनची किल्ली शोधत होतं. ती नव्हती. किल्ली नाही म्हटल्यावर जावाने पासवर्ड मागून बघितला, तो द्यायला कोणी नव्हतं, आणि मग आली ती भन्नाट एरर. पिंग आणि डीएनएस कानाने ऐकणारे, म्हणून ते हिरवे.

सांगा आता, यात टायपिंगची चूक कुठे होती? मी तर स्टिकरवर होतं तेच टाइप केलं होतं.

मग उपाय काय निघाला

एकेका प्रकल्पाने आपापल्या दारात पहारेकरी बसवला. पपेटने सांगितलं, सर्टिफिकेटचं नाव लहान अक्षरांतच हवं. क्लाउडेराच्या सूचनांमध्ये आलं, होस्टच्या फाइलमध्ये कॅपिटल नावं नकोत. २०१४ मध्ये आलेल्या कुबरनेटीजने तर नावाच्या तपासणीतच लहान अक्षरांची अट घातली, आणि त्याचा क्यूबलेट मशीनचं होस्टनेम वाचतानाच लहान करून घेतो.

यात एक विनोद आहे. कुबरनेटीजची एरर या नियमाला आरएफसी ११२३ चं नाव देते. ऑक्टोबर १९८९ च्या त्या कागदात कॅपिटलवर कसलीही बंदी नाही. होस्टनेमबाबत त्यातला मुख्य बदल इतकाच, की नावाचं पहिलं अक्षर आता आकडाही असू शकतं. लहान अक्षरांची अट ही नंतरची भर आहे. म्हणजे जुन्या प्रथेला शेवटी नियमाचा शिक्का मिळाला, तोही दुसऱ्याच्या नावाने!

'सगळं लहान करा' हेही दिसतं तितकं सरळ नाही बरं का. तुर्की भाषेत मोठ्या आयचं लहान रूप टिंब नसलेलं असतं. मशीनचं लोकेल तुर्की असेल आणि जावाचं साधं लहान करायचं फंक्शन वापरलं, तर नावात आस्कीबाहेरचं अक्षर येऊन बसतं, आणि ते नाव डीएनएसमध्ये कुठेच नसतं. हडूपमध्ये यासाठी इंग्रजी लोकेल सक्तीने वापरणारं वेगळं फंक्शन ठेवावं लागलं.

तो एक बिट

आणि आता तो बिट. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलं की डीएनएसमध्ये खोटं उत्तर घुसवणं भयंकर सोपं आहे. प्रश्नाला जोडलेला ओळखक्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. हल्लेखोर अंदाज मारत राहिला की कधीतरी लागतोच. उपाय हवे होते. त्यातला एक डेव्हिड डॅगन, पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मांडला. प्रश्न विचारताना नावातली अक्षरं मुद्दाम उलटसुलट मोठी-लहान करायची. उत्तर देणारा सर्व्हर प्रश्नातलं नाव जसंच्या तसं परत पाठवतो. खऱ्या सर्व्हरच्या उत्तरात तोच नमुना येईल. खोटं बोलणाऱ्याला तो माहीत नसेल. नावात १२ अक्षरं असतील तर आणखी ४,०९६ पट अवघड.

ही युक्ती 'शून्य-एक्स-वीस' नावाने ओळखली जाते, कारण ३२ हा आकडा सोळाच्या पायात वीस असा लिहितात. तोच बिट! ही युक्ती चालते याचं कारण ते जुनं दोन भागांचं उत्तर: फरक मानू नका, पण पुसूही नका. जे दार बायनरी नावांसाठी उघडं ठेवलं होतं, त्यातून वीस वर्षांनी सुरक्षा आत आली. गूगलचं पब्लिक डीएनएससुद्धा ही युक्ती वापरतं.

आपल्याशी असलेला एक धागा सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं '.भारत' हे डोमेन सुरू झालं, मराठीसाठीही. पण डीएनएस आतून अजून तीच जुनी अक्षरं बोलतं. म्हणून 'भारत' हा शब्द प्युनीकोडमध्ये बदलून जातो: एक्स-एन, दोन आडव्या रेघा, मग एच-२-बी-आर-जे-९-सी. या प्युनीकोडची चिन्हं ३६, म्हणजे सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे. मोठी आणि लहान वेगळी धरली असती तर ६२ मिळाली असती आणि नावं आखूड झाली असती. पण ती वेगळी धरताच येत नाहीत, १९७४ मध्ये ठरलंय तसं! मोठं-लहान नसलेली आपली लिपी अशा अक्षरांवर स्वार होऊन जाते, ज्यांच्यातल्या मोठ्या-लहानाला किंमत नाही.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

कामाचं बोलायचं तर इतकंच. क्लस्टरमधली सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा. स्टिकरवरसुद्धा. स्क्रिप्ट मशीनला नाव विचारत असेल, तर ते विचारल्या क्षणी, तिथेच, एकदाच लहान करून घ्या. आणि सर्व्हिस पिंगला हिरवी पण ओळखपत्राला लाल दिसली, तर आधी अक्षरांचा आकार बघा, मग पासवर्डच्या मागे लागा.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलीच्या हातून अगदी हेच झालं. क्लस्टर वेगळा, कंपनी वेगळी, अक्षर वेगळं. सकाळी ती रडवेली होऊन म्हणाली, "दादा, माझ्याकडून टायपो झाला." मी एकदम दचकलो. एक तर मी दादा कधी झालो? आणि दुसरं, हे वाक्य माझंच होतं.

त्या वेळी रिपोर्ट मी लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: आमची स्क्रिप्ट होस्टनेम तपासत नव्हती, नावाचे दोन वेगळे नियम मानणाऱ्या दोन व्यवस्था जिथे जोडल्या जातात तिथे पहारा नव्हता. खाली उपाय लिहिला, तीन ओळींचा. तिचं नाव त्यात फक्त एकाच ठिकाणी आलं: उपाय कोणी केला, त्या रकान्यात.

'मानवी चूक' लिहिलं की शोध तिथेच थांबतो, पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी तोच मोठा एन टाइप करतो, आणि पुन्हा कोणाची तरी रात्र जाते. १९७४ मध्ये फोनवर नाव ऐकणाऱ्या माणसांनी नियमच असा केला की ही चूक होऊच नये. आपण निदान तेवढं तरी करावं.

तुमच्याही क्लस्टरमध्ये असा एखादा मोठा एन लपलेला असेल, तर सापडल्यावर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार!